परदेशी साग, मरबाऊ, इपे आणि बाकीची मंडळी: उष्ण कटिबंधातल्या लाकडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधणारे, सुतार, गिटार वाजवणारे, शेतात झाडं लावू पाहणारे अशा सगळ्यांकडून वर्षानुवर्षं येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाव दिलेले नाहीत, कारण ते दर महिन्याला बदलतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसरं उत्तर बघायला हवं तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

1. हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड, एवढंच ना?

नाही. हार्डवुड हे झाडाच्या कुळावरून पडलेलं नाव आहे. फुलं-फळं धरणाऱ्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड आणि देवदार, चीड, पाइन अशा सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. आपला शेवगा आणि पांगारा दोन्ही हार्डवुडच, पण त्यांचं दार कोणी करत नाही. इक्वाडोरचा बाल्सा हेही हार्डवुड. त्याचा एक घनफूट तुकडा जेमतेम चार-पाच किलो भरतो आणि नखाने दाबला तर खड्डा पडतो. म्हणून फर्निचरच्या जाहिरातीत '100 टक्के हार्डवुड' वाचून काहीच कळत नाही. झाड कोणतं, ते विचारा.

2. मग लाकूड किती दणकट आहे ते मोजतात कसं?

वखारीतली सोपी परीक्षा वजनाची. एक घनफूट पाणी साधारण 28 किलो भरतं. वाळलेला साग घनफुटाला 18 किलोच्या आसपास, प्लायवूडला लागणारा ओकूमे 12, आग्नेय आशियातला मरबाऊ 23, तर दक्षिण अमेरिकेतला इपे आणि पश्चिम आफ्रिकेतला अझोबे 30 च्या घरात. म्हणजे शेवटचे दोन पाण्यात बुडतात. लिग्नम व्हिटे तर 35 पर्यंत जातं. ते इतकं तेलकट आणि चिवट की जहाजाच्या पंख्याच्या दांड्याला बेअरिंग म्हणून धातूऐवजी तेच बसवत.

दुसरं माप जांका. 11.28 मिलिमीटरची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते यात पाहतात. सागाला हजार-अकराशे पौंड लागतात, इपेला साडेतीन हजारांच्या आसपास.

पण कठीण म्हणजे टिकाऊ, असं समजू नका. थंड प्रदेशातला मेपल सागापेक्षा कठीण असतो, तरी पावसात ठेवला तर साग सुखरूप राहतो आणि मेपल कुजतो. टिकाऊपणा येतो तो गाभ्यात साठलेल्या तेलांमुळे आणि रसायनांमुळे.

3. 'इम्पोर्टेड टीक' म्हणून मिळतो तो साग नक्की कुठला?

बहुतेक वेळा आपल्याच सागाची परदेशात वाढलेली पोरं. साग, म्हणजे टेक्टोना ग्रँडिस, मूळचा भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसचा. केरळात निलांबूरला 1840 च्या दशकात त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली. पुढे तो आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत पोचला. आज घाना, बेनिन, टोगो, नायजेरिया, इक्वाडोर, कोस्टा रिका, पनामा, ब्राझील इथल्या बागांमधले ओंडके कंटेनरमधून न्हावा शेवा, मुंद्रा आणि कांडल्याला उतरतात. कांडल्याजवळच्या गांधीधाममध्ये करवतीच्या गिरण्यांची रांगच आहे. घरचा मुलगा परदेशी जाऊन आला की त्याचा भाव वाढतो, तसं काहीसं.

हा साग खोटा नाही, लहान आहे. आपल्या जंगलातला साग साठ-ऐंशी वर्षं उभा राहिलेला असतो, बागेतला बऱ्याचदा वीस-पंचवीस वर्षांत किंवा त्याआधीच तोडतात. त्यामुळे खोड बारीक, गाठी जास्त आणि गाभ्याभोवती पांढरा भाग खूप. सगळा फरक या पांढऱ्या भागाचा आहे (प्रश्न 13). 'झपाट्याने वाढलेला साग कमजोर' असं सरसकट म्हणतात, ते मात्र खरं नाही. पक्क्या गाभ्याचा, सरळ रेषांचा बागेतला साग चौकटीला उत्तम चालतो.

इथल्या सागात बल्लारशाचा, म्हणजे वखारीत ज्याला अजून 'सीपी टीक' (ब्रिटिश काळातल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून) म्हणतात त्याचा मान मोठा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग गेला. नव्या संसद भवनासाठीही साग नागपूरहून घेतला होता.

4. बर्मा टीक अजून मिळतो का?

मिळतो, पण प्रत्येक वखारीत सांगतात तितका नाही. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. कापलेलं लाकूड त्यानंतरही येत राहिलं. म्हणून कोणी 'ताजा आलेला बर्माचा ओंडका तुमच्यासमोर कापून देतो' म्हणालं, तर तो एक तर फार जुना साठा आहे किंवा बर्माचा नाही. 2021 मध्ये अमेरिकेने म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. तुमचं फर्निचर पुढे अमेरिकेत जाणार असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

एवढं नाव कशामुळे झालं? सरळ, उंच, जुनी झाडं, एकसारखा सोनेरी रंग आणि भरपूर तेल. जहाजबांधणीत मात्र आपल्या मलबारी सागानेही तेवढंच नाव कमावलंय. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये सागात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे.

5. आफ्रिकन टीक, व्हाइट टीक, मलेशियन साल, पिंकाडो: ही नावं कशाची?

इथेच लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून सविस्तर.

'आफ्रिकन टीक' म्हणून तीन वेगळी लाकडं विकली जातात. घाना-टोगोच्या बागांतला खरा साग, इरोको आणि आफ्रॉर्मोशिया. शेवटच्या दोघांचं सागाशी नातं नाही. दोन्ही टिकाऊ आहेत, बाहेरच्या कामाला चांगली आहेत, पण बिलावर त्यांच्या नावाने लिहून घ्या. इरोकोत कधी कधी चुन्याचे दगडासारखे कण निघतात आणि रंध्याच्या पात्याचा जीव घेतात.

'व्हाइट टीक' म्हणजे आपली शिवण. हलकी, कमी आकसणारी, गुणी. फक्त साग नाही.

'मलेशियन साल' हे तिकडच्या बालाऊ गटातलं जड लाकूड. आपल्या सालाचं चुलत भावंड. चौकटीला खूप वापरतात. त्याच कुळातला लाल मरांटी हलका असतो, तो घरातल्या कामासाठी.

'मलेशियन वुडचा सोफा' म्हणजे जवळजवळ नेहमी रबराच्या झाडाचं लाकूड. चीक आटला की झाड तोडतात आणि बोरॉनची प्रक्रिया करून फर्निचर बनवतात. आत वापरायला काही वाईट नाही, पण ओल सोसत नाही.

'पिंकाडो' बर्मातून येतो, जड आणि लालसर. गंमत म्हणजे हेच झाड कोकणात आहे आणि तिथे त्याला जांभा म्हणतात.

'शीशम' म्हणून राजस्थानातून येणारं फर्निचर आणि आपला शिसव ही दोन वेगळी झाडं. आंबा किंवा बाभळीच्या जातीचं लाकूड रंगवून 'शीशम फिनिश' म्हणतात. तिथे 'फिनिश' हा शब्द कामाचा.

6. खरा साग ओळखायचा कसा? मोबाइलवर फोटो पाठवला तर सांगाल का?

फोटोवरून नाही सांगता येत. पॉलिश केलेल्याचा तर मुळीच नाही.

वखारीत जाऊन सुताराला फळीच्या टोकाला पटाशीने एक पातळ काप मारायला सांगा. ताज्या आडव्या कापावर वार्षिक वलयाच्या सीमेवर मोठ्या छिद्रांची ओळ नुसत्या डोळ्यांना दिसते. हात फिरवला की मेणचट लागतं. वास जुन्या चामड्यासारखा येतो. पाण्याचा थेंब लगेच मुरत नाही. मरबाऊच्या छिद्रांमध्ये गंधकासारखे पिवळे कण दिसतात, इपेच्या भुशात हिरवट-पिवळी पूड असते आणि ती साबणाच्या पाण्याने लालसर होते.

एकाच खुणेवर विसंबू नका. भेसळ करणाऱ्याला रंग लावता येतो. वास, वजन आणि छिद्रांची रचना तिन्ही एकत्र जुळवणं अवघड जातं.

7. घनफुटाचा हिशोब समजावून सांगा. दरवेळी जास्तच निघतो.

कापलेल्या लाकडाचं गणित सोपं. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. पाच बाय तीनच्या चौकटीला सात फुटांचे दोन उभे आणि साडेतीन फुटांचा वरचा आडवा धरला तर लांबी साडेसतरा फूट. 5 × 3 × 17.5 भागिले 144 म्हणजे 1.82 घनफूट. माप कापलेल्या अंगाचं धरतात. रंधा मारल्यावर तेच पाच बाय तीन पावणेपाच बाय पावणेतीन होतं. ही चोरी नव्हे.

ओंडक्याचं माप निराळं. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग आणि गुणिले लांबी. घेर 48 इंच, लांबी 10 फूट असेल तर 12 × 12 भागिले 144 गुणिले 10, म्हणजे 10 घनफूट. खरं घनफळ 12.73 आहे. साल आणि कापातली नासाडी गृहीत धरून ही सूट ब्रिटिश काळापासून चालत आली. म्हणून एकाचा ओंडक्याचा भाव आणि दुसऱ्याचा घनमीटरचा भाव सरळ तुलनेत ठेवू नका. एक घनमीटर म्हणजे 35.3 घनफूट, पण ओंडक्याच्या मापाने साधारण 27.7.

8. महागातलं परदेशी लाकूड घेतलं, तरी पावसाळ्यात दार अडकतं. असं का?

कारण लाकूड महाग होतं, वाळलेलं नव्हतं. प्रत्येक लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. साग यात शहाणा: हिरवा असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयाच्या दिशेने तो सुमारे पाच टक्के आकसतो. बरीच जड लाकडं सात-आठपर्यंत जातात. सहा इंची सागाच्या फळीत ओलावा पाच टक्क्यांनी बदलला तर रुंदी सव्वा मिलिमीटरच्या आसपास हलते. दाराला अशा पाच-सहा फळ्या असल्या की हिशोब तुम्हीच करा.

उपाय दोन. ओलावा मोजायचं यंत्र बाजारात मिळतं. ते घेऊनच वखारीत जा, मुंबई-कोकणासाठी 12 ते 14 टक्के, देशावर आणि विदर्भात 10 ते 12 असलेलं लाकूड घ्या. आणि लाकूड कामाच्या जागी आणून पंधरा दिवस तरी रचून ठेवा. मधे पट्ट्या घालून, वारा खेळता ठेवून. सतत एसी चालणाऱ्या खोलीत तर हे चुकवूच नका.

9. अलिबागच्या घराला बाहेर लाकडी डेक करायचा आहे. काय वापरू?

पैसे असतील तर इपे. जड, चिवट, वाळवी आणि बुरशीला दाद न देणारं. त्याचं एक भावंड तुम्ही बघितलेलं असणार: विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गावर दर वर्षी गुलाबी फुलणारी टॅबेबुया. इपेला प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडावं लागतं. खिळे ठोकायला गेलात तर खिळाच वाकतो. 2024 च्या अखेरीपासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीस या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या कराराखाली आला आहे, तेव्हा कागद मागा (प्रश्न 15).

मरबाऊ स्वस्त आणि चांगलं, पण त्यातलं टॅनिन पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत तांबडं होऊन गळतं. खाली पांढरी फरशी असेल तर ती चहा सांडल्यासारखी होते. बसवण्याआधी फळ्या पावसात भिजवून गळू देणं हाच उपाय.

लोखंडी खिळा कुठल्याही टॅनिनच्या लाकडात काळे डाग पाडतो. समुद्राजवळ 316 प्रतीचं स्टेनलेस स्टीलच वापरा. डेक वर्षभरात राखाडी होईल. ते कुजणं नव्हे, उन्हाने वरचा थर विटतो एवढंच. मला तो रंग आवडतो. ज्यांना नाही आवडत त्यांनी दर वर्षी तेल लावायची तयारी ठेवावी.

10. 'टीक ऑइल' सागापासूनच काढतात ना?

नाही. डब्यात बहुतेक जवसाचं किंवा तुंगचं तेल, थोडं व्हार्निश आणि पातळ करायचं द्रव्य असतं. सागात स्वतःचं तेल आहे, त्याला बाहेरून भरावं लागत नाही. रंग टिकवण्यासाठी लावायचं तर लावा. तेल लावलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

11. सागाचे सांधे सुटतात, पॉलिश पापुद्र्यासारखं निघतं. सुताराची चूक?

अर्धी. तेलकट लाकडावर गोंद धरत नाही. साग, इरोको, शिसव यांचे सांधे जोडण्याच्या अगदी आधी ताजा रंधा मारावा, थिनरने पुसावं आणि लगेच गोंद लावून आवळावं. आदल्या दिवशी रंधून ठेवलेली फळी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलकट झालेली असते. सागात वाळूसारखी सिलिकाही असते, म्हणून पाती लवकर बोथट होतात. बोथट पात्याने चिरडलेल्या लाकडावर गोंद आणखी कमी धरतो.

12. पर्पलहार्टचा जांभळा आणि पडाकचा लालभडक रंग टिकतो का?

नाही. पर्पलहार्ट कापल्यावर आधी तपकिरी दिसतं, हवा लागली की काही दिवसांत जांभळं होतं आणि पुढे उन्हात पुन्हा तपकिरीकडे झुकतं. पडाक गडद विटकरी होतो. अतिनील किरण अडवणारं पॉलिश वेग कमी करतं, थांबवत नाही. रंगासाठी पैसे मोजणार असाल तर खिडकीपासून लांब ठेवायची वस्तू करा. पडाक आपल्या बिवळ्याचा भाऊ आहे. बिवळ्याच्या भांड्यातलं पाणी रंगतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या गटाचा रंग किती चंचल ते सांगायला नको.

13. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात. मग आमच्या चौकटीला कशी लागली?

पक्क्या गाभ्याला सहसा लागत नाही. सालीकडच्या पांढऱ्या भागाला लागते आणि हे जगातल्या प्रत्येक लाकडाला लागू आहे. इपे असो की आबनूस, पांढऱ्या भागात साखर-पिष्ट असतं आणि संरक्षक रसायनं नसतात. बागेतल्या सागात हा भाग जास्त, आणि रंग लावून तो झाकणं सोपं. चौकटीचा भिंतीत जाणारा चेहरा नेमका पांढरा ठेवतात, म्हणजे दिसत नाही. वाळवी भिंतीतूनच येते. लाकूड निवडताना चारही बाजू बघा. थोडा पांढरा भाग राहिलाच तर तो बाहेरच्या बाजूला ठेवून त्याला वाळवीचं औषध लावा.

14. पडाक कापला की सुताराला शिंका आणि खाज. मनाचा खेळ?

अजिबात नाही. पडाक, इरोको, वेंगे, शिसव यांच्या भुशाने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, आणि दर वेळी वाढत जातो. वेंगेची ढलपी बोटात घुसली तर जखम चिघळते. लाकडाचा भुसा दीर्घकाळ श्वासात जाणं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलेलं आहे. तोंडाला गमछा पुरत नाही, चांगला मास्क द्या.

स्वयंपाकघरासाठी: शिसवी पोळपाट पिढ्यान् पिढ्या चालत आलेत, त्यांची भीती नको. पण अनोळखी, भडक रंगाच्या लाकडाचा चॉपिंग बोर्ड घेऊ नका.

15. गिटार घेऊन परदेशी जायचंय. आणि आजीचा शिसवी पलंगही न्यायचाय. कागद लागतात का?

सायटीस हा दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार. 2017 मध्ये शिसवाचं सगळं कुळ त्यात आलं आणि जगभरचे वादक हैराण झाले. 2019 मध्ये तयार वाद्यं, त्यांचे भाग आणि उपकरणं वगळली. त्यामुळे गिटारला सहसा अडचण नाही. अपवाद ब्राझिलियन रोजवुडचा. ते 1992 पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि जुन्या, महागड्या गिटारांत नेमकं तेच असतं.

पलंगाचं वेगळं. तयार वस्तूंना एका पाठवणीत 10 किलो शिसवापर्यंत सूट आहे, पलंग त्याहून कितीतरी जड. आधी कागद करा, मग पॅकिंग. 2023 पासून आफ्रिकन महोगनी आणि आफ्रिकन पडाकही यादीत आहेत. साग मात्र सायटीसमध्ये नाही.

16. शेतात महोगनी लावा, काही वर्षांत करोडपती व्हा, असं सांगतात. लावू का?

आधी विचारा: कोणती महोगनी? अमेरिकन आणि आफ्रिकन ही वेगळी झाडं आहेत, आणि रोप विकणाऱ्याला बऱ्याचदा फरक सांगता येत नाही. खोडाचा शेंडा पोखरणारी अळी हा महोगनीचा जुना शत्रू. शेंडा गेला की फांद्या फुटतात आणि सरळ ओंडका मिळत नाही. कमी वयाच्या झाडात गाभा थोडा. ज्या लाकडाने महोगनीला नाव मिळवून दिलं ते जुन्या जंगलातलं होतं, ठिबकवरचं नव्हे. बांधावर दहा-वीस झाडं लावायला हरकत नाही. परत खरेदीची हमी देणाऱ्याकडून मात्र ती लेखी घ्या: किती घेराला, काय दर.

17. 'शंभर टक्के गर्जन' प्लायवूड खरंच वेगळं असतं?

गर्जन म्हणजे बर्मा-आग्नेय आशियातलं राळयुक्त, चिवट लाकूड. म्यानमारच्या बंदीनंतर (प्रश्न 4) ते अवघड झालं आणि बऱ्याच प्लायच्या वरच्या थराला गॅबनचा ओकूमे आला. गॅबननेही 2010 मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवल्याने भारतीय कारखानदारांनी तिथेच पत्री, म्हणजे प्लायचे पातळ थर, कापायचे कारखाने टाकले. ओकूमे हलका आहे, वाईट नाही. वरची पत्री लाल दिसते म्हणजे आतही गर्जन आहे असं नाही. ओल्या जागेसाठी आयएस 710 चा शिक्का बघा आणि कडेला कापून आतले थर मोजा.

18. वाडा पाडतोय. जुनं लाकूड विकून नवीन इम्पोर्टेड घ्यावं का?

उलट करा. जुन्या वाड्याच्या तुळया बहुधा जंगलातल्या जुन्या सागाच्या असतात, शंभर वर्षं वाळलेल्या, आणि त्या प्रतीचा ओंडका आज कुठून आणणार? पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा मुंबईच्या लकडी बंदराकडे त्यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं, ते उगाच नाही. भिंतीत रुतलेली टोकं कुजलेली असतात, तेवढी फूट-दीड फूट कापून टाका. गिरणीत नेण्याआधी चुंबक किंवा धातू शोधायचं यंत्र फिरवून खिळे काढा. आत राहिलेला एक जुना घडीव खिळा करवतीचं पातं फोडतो आणि त्याचे पैसे गिरणीवाला तुमच्याकडूनच घेतो.